व्हेनिसमधल्या कवड्या

सप्टेंबर २०२२. बोटीतून जार्दीनीला उतरेपर्यंत आईचे पाय बोलायला लागले होते. त्यामुळे बिएनालेत, म्हणजे व्हेनिसच्या त्या जगभरच्या देशांच्या कलाप्रदर्शनात, एकच दालन निवांत बघायचं ठरवलं, अमेरिकेचं. शिल्पकार सिमोन ली ही तिथे अमेरिकेतर्फे एकटीने प्रदर्शन मांडणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री.

खांबांच्या त्या दिमाखदार इमारतीवर लीने चक्क गवत शाकारलं होतं. १९३१ साली पॅरिसमध्ये वसाहतींचं प्रदर्शन भरवून आफ्रिकेची घरं तमाशासारखी मांडली होती, त्याला हा टोला. दारात २४ फुटी ब्राँझचं शिल्प. भव्य आहे खरं, पण माझा जीव आतल्या मातीत.

एका खोलीत पांढऱ्या झिलईची बाई. तिचं मूळ १८८२ च्या एका फोटोत आहे. अमेरिकेच्या साउथ कॅरोलिना राज्यातल्या एका फोटोग्राफरने लेखक ऑस्कर वाइल्डची टिंगल म्हणून एका काळ्या बाईला माणसाचा चेहरा घडवलेल्या सुरईशेजारी बसवलं होतं. तिचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. लीने शिल्पाचं नावच ‘अनामिक’ ठेवलं. तशा सुरया तिथल्या एजफील्डचे गुलाम कुंभार घडवत. डोळे-दात पांढऱ्या केओलिन मातीचे, वटारलेले. काँगोच्या लोकांत पांढरी माती पूर्वजांची, पलीकडच्या जगाची. लीच्या बहुतेक बायकांना मात्र डोळेच नसतात. बघणाऱ्याला नजर भिडवायला जागाच नाही. मी उगीच ओशाळले.

पुढे मोठा थोरला रांजण, अंगभर टपोऱ्या कवड्या. लीने अशा कवड्यांसाठी कलिंगडाचे साचे वापरलेत. अमेरिकेत काळ्यांना हिणवायला वापरलं जाणारं तेच कलिंगड.

“अगं, या तर आपल्या कवड्या!” आई जवळजवळ ओरडलीच. तिचं माहेर तुळजापूरकडचं. परडी आणि कवड्यांची माळ लहानपणापासून डोळ्यांसमोर. पहारेकरी वळून बघायला लागला. मी हळू आवाजात सांगितलं, की मालदीवच्या कवड्या युरोपी जहाजांतून पश्चिम आफ्रिकेत जायच्या आणि त्या मोजून माणसं विकत घेतली जायची.

“माणसं? कवड्यांवर?”

“हो.”

ती रांजणाला एक अख्खी फेरी मारून आली. मग बाहेर बाकावर बसून चपला काढल्या, पाणी प्यायली. बऱ्याच वेळाने म्हणाली, “आपल्या माळेतल्या कुठून येतात गं?”

“तुळजापुरातल्या दुकानातून.”

“ते कळतंय मला. दुकानात कुठून?”