सिम म्हणालं घाल, म्हणून घातलं

मागच्या महिन्यात वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेमच्या रेडमध्ये, म्हणजे बरेच जण मिळून बॉस मारायला जातो तिथे, मला एक ट्रिंकेट मिळालं, अंगावर घालायची एक छोटी जादूची वस्तू. आयटम लेव्हल (वस्तूच्या ताकदीचा आकडा) जुन्यापेक्षा तेराने जास्त, वर वापरायचं बटण असलेलं, म्हणजे दीड मिनिटाचा कूलडाउन (परत दाबायला तेवढं थांबायचं) आणि दाबलं की स्ट्रेंग्थ एकदम चढते. तरी मी शहाण्यासारखं आधी सिम केलं, म्हणजे कॉम्प्युटरला फाइटची नक्कल करायला लावली, सिम म्हणालं सव्वा टक्का फायदा, घातलं, आणि त्याच रात्री सगळ्या रेडमध्ये माझा डीपीएस, म्हणजे दर सेकंदाचा डॅमेज, आधीच्या आठवड्यापेक्षा खाली. गिल्डमध्ये (एकत्र खेळणाऱ्यांच्या आमच्या गटात) मी सोडून मराठी बोलणारा एकच, कोल्हापूरचा, त्याचा लगेच मेसेज, "भावा, सिम केलं होतंस न्हवं?"

केलं होतं रे बाबा. तेच तर दुखणं आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टसाठी सिम्युलेशनक्राफ्ट नावाचा ओपन सोर्स प्रोग्राम आहे, तुमचं कॅरॅक्टर, टॅलेंट (निवडलेली कौशल्यं), गिअर (अंगावरच्या वस्तू) घेऊन एकच फाइट हजारो वेळा लढतो आणि सरासरी डीपीएस सांगतो. क्रिट (जास्तीचा जोरदार वार) लागणार की नाही, प्रॉक (आपोआप मिळणारा बोनस) येणार की नाही हे सगळं नशिबावर, म्हणून एकदा लढून काही कळत नाही, हजारो वेळा फासे टाकावे लागतात. आपल्याला मात्र काहीच करायचं नसतं, गेममध्ये ॲडऑन (जोडीचा छोटा प्रोग्राम) टाकायचा, चॅटमध्ये स्लॅश सिमसी टाइप करायचं, एक भलामोठा मजकूर येतो तो कॉपी करून रेडबॉट्सच्या साइटवर, जी हे सिम चालवून देते, पेस्ट करायचा आणि फुकटवाल्यांच्या रांगेत बसायचं.

पूर्वी हे असलं नव्हतं. रॅथ ऑफ द लिच किंग या गेमच्या जुन्या भागाच्या काळात आम्ही हॉस्टेलवर असताना २६३ हा आकडा पाठ होता, तेवढं हिट रेटिंग झालं की ८ टक्के, म्हणजे बॉसवर मेलीवाल्याचे (जवळून लढणाऱ्याचे) स्पेशल वार चुकणार नाहीत, आणि तो आकडा गाठेपर्यंत बाकी कशाकडे बघायचं नाही. नंतर स्टॅट वेट आले, स्ट्रेंग्थला एवढे मार्क, हेस्टला (वेगाला) एवढे, बेरीज करा आणि जास्त मार्कवाली वस्तू घाला. सोपं होतं पण खोटं होतं, कारण ते मार्क तुमच्या आत्ताच्या गिअरपुरते असतात, दोन वस्तू बदलल्या की हेस्टची किंमत बदलली, त्यात शॅडोलँड्स या भागापासून सेकंडरी स्टॅट (हेस्ट, क्रिट वगैरे) ३० टक्क्यांच्या वर गेला की पुढचं प्रत्येक रेटिंग कमी कमी फळ देतं. अजूनही लोक सहा महिन्यांपूर्वीचे वेट ॲडऑनमध्ये ठेवून फिरतात आणि प्रत्येक अंगठीवर हिरवा बाण दिसला की खूश.

म्हणून आता टॉप गिअर, रेडबॉट्सवरचाच एक पर्याय. बॅगेत जे जे आहे त्याच्यावर टिक करायचं आणि तो सगळी कॉम्बिनेशन लढवून बघतो. तीन अंगठ्यांतून दोन निवडायच्या म्हणजे तीन जोड्या, चार ट्रिंकेटांतून दोन म्हणजे सहा, झाली अठरा, वर दोन हेल्मेट आणि दोन बूट टिक केले की बहात्तर. हे डोक्यात करणारा माणूस मला दाखवा. टियर सेटची, म्हणजे एकत्र घातल्यावर बोनस देणाऱ्या वस्तूंची, पाच ठिकाणं आणि बोनस चार तुकड्यांवरच पूर्ण, मग पाचव्या ठिकाणी बिनसेटची तगडी वस्तू कुठे बसवायची, या एका प्रश्नावर आम्ही डिस्कॉर्डवर तासतास भांडायचो, आता दोन मिनिटांत उत्तर.

बरं, माझ्या ट्रिंकेटचं काय झालं?

मी रेट पॅलाडिन खेळतो, म्हणजे डॅमेज करणारा पॅलाडिन. माझं मोठं बटण म्हणजे विंग्ज, दोन मिनिटांनी एकदा, पाठीवर पंख फुटतात आणि वीसेक सेकंद डॅमेज चढतो. दुसऱ्या दिवशी लॉग, म्हणजे फाइटची सेकंदासेकंदाची नोंद, उघडून बसलो. पाच मिनिटांची फाइट, मी ट्रिंकेट तयार झालं की दाबत होतो, म्हणजे शून्याला, दीड मिनिटाला, तीनला आणि साडेचारला. चार वेळा. विंग्ज कधी? शून्याला, दोनला, चारला. म्हणजे चारपैकी एकदाच दोन्ही एकत्र, बाकी तीन वेळा मी ती सगळी स्ट्रेंग्थ साध्या मारामारीत ओतत होतो. मग सिमचा पूर्ण रिपोर्ट उघडला, जो मी इतकी वर्षं कधी उघडलाच नव्हता, वरचा मोठा आकडा बघून टॅब बंद करायची सवय. त्यात खाली एक टेबल असतं, एका नमुना फाइटमध्ये कुठल्या सेकंदाला कुठलं बटण दाबलं त्याचं, आणि त्यात सिम ट्रिंकेट तयार असूनही अर्धा मिनिट हात बांधून बसलेलं, विंग्ज आले की मगच दाबतंय. फक्त तीन वेळा, पण तिन्ही वेळा पंखांत.

तो सव्वा टक्का माझा नव्हताच, असा दाबणाऱ्याचा होता.

आणि तो दाबणारा कधी चुकत नाही, त्याला कुणी आगीतून बाहेर पळायला सांगत नाही. डीफॉल्टला जी फाइट असते तिचं नावच पॅचवर्क, नॅक्सरॅमस या जुन्या रेडमधल्या त्या जाड्या बॉसवरून, जो एका जागी उभा राहून फक्त मारतो. एकच टार्गेट, पाच मिनिटं, थोडं मागेपुढे. आमचा रेड युरोपच्या सर्व्हरवर, त्यांचे रात्रीचे आठ म्हणजे हिवाळ्यात पुण्यात साडेबारा, पिंग (सर्व्हरपर्यंत पोचायला लागणारा उशीर) दीडशेच्या वर, शेजारच्या खोलीत आई झोपलेली म्हणून माइकवर कुजबुजत बोलायचं. यातलं सिमला काय माहीत. डंजन करायचं असेल तर निदान फाइट स्टाइल तरी बदला, एका टार्गेटवरचं सर्वोत्तम ट्रिंकेट घेऊन मोठ्या पुलात (एकदम अंगावर घेतलेल्या शत्रूंच्या घोळक्यात) जाणारे मी रोज बघतो.

अजून एक गाढवपणा माझाच. नवीन अंगठी घालून क्विक सिम (फक्त अंगावर आहे तेवढ्याचं सिम), जुनी घालून क्विक सिम, जुनी भारी निघाली, नवीन विकून टाकली. जुनीवर एन्चँट (वरून चढवलेली जादू) होतं, नवीनवर नव्हतं. विकल्यावर लक्षात आलं.

रेडबॉट्सवरच्या ड्रॉप्टिमायझरबद्दल मात्र मला राग आहे. म्हणजे टूल चांगलं आहे, कुठल्या बॉसकडून काय पडलं तर किती फायदा ते सांगतं, पण एकेक वस्तू सुटी घालून बघतं. तुमच्याकडे सेटचे दोन तुकडे असतील तर तिसऱ्याने बोनस मिळत नाही, म्हणून तिसरा तुकडा तिथे किरकोळ दिसतो, कधी तोटाही दाखवतो, आणि लूट वाटणारे ऑफिसर ती यादी समोर ठेवून म्हणतात तुला गरज नाही. अरे पण तिसऱ्याशिवाय चौथा कसा येणार? जुन्या एका गिल्डमध्ये या एका कारणावरून मी तीन आठवडे दोन तुकड्यांवर बसून होतो. गिल्ड सोडली त्याचं हे एकमेव कारण नाही, पण आहे.

आता मी आकडा बघतो तेव्हा आधी त्याच्याशेजारचा एरर, म्हणजे तो आकडा किती इकडेतिकडे असू शकतो ते, बघतो, फरक तेवढ्यातलाच असेल तर जे हातात बसलंय तेच ठेवतो. ट्रिंकेट विंग्जच्याच बटणावर मॅक्रो करून (एका बटणावर दोन कामं लावून) बांधलं, गेल्या दोन रेडला गाडी रुळावर आहे. कोल्हापूरकराला स्क्रीनशॉट पाठवला तर म्हणतो, "मॅक्रो खेळतोय, तू नाही."

आज बुधवार, व्हॉल्ट (दर आठवड्याच्या बक्षिसाची पेटी) उघडला, परत अंगठीच. यावेळी एन्चँट आधी घातलंय. रांगेत लावलंय सिम, तोवर चहा टाकतो.