टाळू बघा, गाठ नंतर

मी पुण्यात जपानी शिकवते. दर नव्या बॅचमध्ये एक प्रश्न ठरलेला: "मॅडम, सामुराईंच्या डोक्यावरचं ते म्हणजे आपली शेंडीच ना?" परवा एका विद्यार्थ्याच्या आजींनीही फी भरता भरता तेच विचारलं. तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

शेंडी नव्हे. लांबून तशी दिसते खरी. कपाळापासून टाळूपर्यंत गुळगुळीत भादरलेलं, बाजूचे नि मागचे केस तेल लावून बांधलेले आणि ती जुडी दुमडून पुढे, डोक्यावर आडवी टाकलेली. हिला 'चोनमागे' म्हणतात. आपली नजर त्या गाठीवरच जाते. एदो काळातला (१६०३-१८६८) माणूस मात्र आधी समोरच्याची टाळू बघत असणार, कारण खरी माहिती तिथे होती.

भादरलेल्या भागाचं नाव 'साकायाकी'. शिरस्त्राणाखाली डोकं तापतं म्हणून योद्ध्यांनी ही रीत काढली, असं सांगतात. पुढे लढाया थांबल्या, शिरस्त्राणं माळ्यावर गेली, वस्तरा मात्र चालूच राहिला, आणि व्यापारी-कारागीरही टाळू भादरू लागले. मुलगा वयात आला की 'गेन्पुकु' नावाचा विधी होई. त्यात त्याच्या कपाळावरची झुलपं उतरवत. सकाळी पोरगा, संध्याकाळी बाप्या!

मला स्वतःला सगळ्यात बोलकी वाटते ती न भादरलेली टाळू. चार दिवस वस्तरा लागला नाही की खुंट दिसायला लागतात. जपानी ऐतिहासिक मालिकांत धनी गमावलेला सामुराई, म्हणजे 'रोनिन', पडद्यावर आला की टाळूवरच्या रानावरूनच ओळखू येतो. त्याने तोंड उघडायची गरज नसते. घरात कोंडून राहण्याची शिक्षा झालेल्या सामुराईला टाळू भादरायला मनाई असे. शोगुन, म्हणजे देशाचा लष्करी सत्ताधीश, वारला की इतरांचाही वस्तरा काही दिवस बंद. सुतकात दाढी न करणाऱ्या घरांतल्या मुलांना हे वेगळं समजवावं लागत नाही. भिक्षू पूर्ण मुंडन करत, कित्येक वैद्य आणि पंडित सगळे केस राखत. थोडक्यात, ओळखपत्र खिशात नव्हतं, डोक्यावर होतं.

१८७१ साली सरकारने केस कापायची मोकळीक दिली. सक्ती नव्हे, मोकळीक. पण वारं कुठल्या दिशेचं आहे हे लोकांना कळत होतं. त्याच वर्षअखेरीस सरकारातले बडे मंत्री इवाकुरा तोमोमी शिष्टमंडळ घेऊन अमेरिकेला निघाले. सॅन फ्रान्सिस्कोतला फोटो बघा: बाकीचे सुटाबुटात, मधोमध इवाकुरा किमोनोत, डोक्यावर गाठ शाबूत. पुढे अमेरिकेतच त्यांनीही ती उतरवली. १८७३ मध्ये खुद्द सम्राट मेजींनी केस कापले, मग बाकीच्यांना कसली लाज?

सुमोचे पैलवान तेवढे राहिले. तोक्योत होते तेव्हा सुमोच्या आखाड्याजवळच्या ऱ्योगोकु स्टेशनवर मला त्यांचा आधी वास यायचा, मग ते दिसायचे. 'बिनत्सुके' म्हणजे मेणासारखं घट्ट तेल, त्याचा गोडसर वास. एकदा गर्दीत एका तरण्या पैलवानाच्या अगदी मागे उभी होते. मानेवर एक केस सुटलेला नाही, पांढरी कागदी दोरी करकचून आवळलेली, जुडीचं टोक कुंचल्यासारखं सरळ छाटलेलं. त्याची टाळू भादरलेली नव्हती, कारण सुमोत पुढचे केस राखूनच मागे ओढतात. तिथे दर्जा सांगते ती गाठ. वरच्या दोन श्रेणींतले पैलवान आखाड्यात गिंकोच्या पानासारखी पसरलेली 'ओइचो' बांधून उतरतात, खालच्यांना साधी चोनमागे. बांधून देणाऱ्याला 'तोकोयामा' म्हणतात. निवृत्तीच्या दिवशी एकेक पाहुणा येऊन कात्री लावतो, शेवटची कात्री गुरूची.

मार्च २०२४ मध्ये ताकेरुफुजी नावाचा पोरगा सर्वोच्च श्रेणीत पहिल्यांदाच उतरला आणि थेट स्पर्धा जिंकला. असं ११० वर्षांत झालं नव्हतं. चौदाव्या दिवशी घोटा दुखावला, तरी शेंडी तुटो की पारंबी तुटो म्हणत शेवटच्या, पंधराव्या दिवशी उभा राहिला. भला मोठा करंडक हातात, आणि डोक्यावर शिकाऊ पोरांची साधी चोनमागे. इतक्या भराभर वर चढला होता की ओइचोपुरते केस वाढलेच नव्हते.