पायथन ३.८ चा सपोर्ट काढताना झालेली चूक, आणि ३.९ चा काढताना घेतलेली काळजी

हवामान मोजणाऱ्या उपकरणांच्या डेटा फाइल्स वाचणारी, पायथन या प्रोग्रामिंग भाषेतली एक छोटी लायब्ररी (इतरांना वापरता येणारा तयार कोड) मी सांभाळते. गेल्या आठवड्यात तिच्यातून पायथन ३.९ चा सपोर्ट काढला, म्हणजे यापुढची रिलीज ३.९ वर चालणार नाहीत. बदल वीस मिनिटांचा होता, तयारी मात्र दोन महिने चालली. एवढी तयारी का केली, हे सांगायचं तर गेल्या वर्षी ३.८ काढताना काय झालं ते आधी सांगायला हवं.

पायथनची प्रत्येक आवृत्ती साधारण पाच वर्षं सांभाळली जाते. ३.८ ऑक्टोबर २०१९ मध्ये आली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तिचे सुरक्षा-दुरुस्त्यांचे दिवसही संपले. मी लगेच सीआयमधून (प्रत्येक बदलानंतर आपोआप टेस्ट चालवणाऱ्या यंत्रणेतून) ३.८ च्या टेस्ट काढल्या, कोड थोडा साफ केला आणि माझ्या लायब्ररीची २.४.० रिलीज केली. त्या सफाईत एका ठिकाणी 'रिमूव्हप्रीफिक्स' वापरलं. स्ट्रिंगची ही मेथड ३.९ पासूनच आहे. आणि पॅकेजच्या माहितीतली, कोणतं पायथन चालेल हे सांगणारी 'रिक्वायर्स-पायथन' ही ओळ बदलायची राहून गेली. तिथे अजूनही '३.८ किंवा पुढचं' असंच लिहिलेलं होतं.

इम्पोर्ट करताना काहीच बिघडत नव्हतं. ठरावीक हेडर असलेली फाइल आली की मगच कोड कोसळायचा. चौथ्या दिवशी एका प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाचा मेल आला. रात्री आपोआप चालणारं त्यांचं काम पहाटे थांबलं होतं आणि तेवढ्या तासांची नोंद पुढे गेलीच नव्हती. त्यांचं उपकरण जुन्या संगणकाला जोडलेलं आहे, त्याचा ड्रायव्हर नव्या सिस्टमवर चालत नाही, म्हणून तिथला पायथनही बदलता येत नाही.

मी घाईने २.४.१ रिलीज केली आणि त्यात ती ओळ दुरुस्त केली. इथे दुसरी चूक झाली, आणि ती मला आधी कळलीच नाही. ३.८ वरचा पिप, म्हणजे पॅकेज बसवणारं पायथनचं साधन, २.४.१ बघतो, 'ही माझ्यासाठी नाही' म्हणून सोडून देतो आणि एक पायरी मागे जातो. मागे होती तीच मोडकी २.४.०, कारण तिची माहिती अजून ३.८ चालेल असंच सांगत होती. पायपीआयवर, म्हणजे पिप जिथून पॅकेज आणतो त्या सार्वजनिक साठ्यावर, टाकलेल्या रिलीजची ही माहिती नंतर बदलता येत नाही. शेवटी २.४.० यँक करावी लागली, म्हणजे मागे घेतल्याची खूण तिच्यावर लावावी लागली. यँक केलेलं रिलीज पुसलं जात नाही. कोणी नेमका तोच आकडा लिहून मागितला तरच पिप ते देतो, एरवी वगळतो.

आता ३.८ वाल्यांना २.३.५ मिळू लागली. तिच्यात मला माहीत असलेली एक जुनी चूक होती, जी मी फक्त २.४ मध्ये दुरुस्त केली होती. मग २.३ च्या कोडची वेगळी ब्रँच (शाखा) करून त्यात ती दुरुस्ती घातलेली २.३.६ रिलीज करावी लागली.

त्या तंत्रज्ञांनी लिहिलेलं एक वाक्य माझ्या मनात राहिलं: "नवीन काही नको, आहे ते चालू राहू दे." तोवर मी सपोर्ट काढण्याचा विचार फक्त 'जुनी आवृत्ती किती जण वापरतात' या बाजूने करत होते. डाउनलोडचे आकडे बघत बसायचे, आणि त्यांत माणसं किती आणि सीआयची यंत्रं किती हे कळायचं नाही. आता मी एकच गोष्ट बघते: आपण पुढे गेल्यावर मागे राहिलेल्याला पिप कोणती आवृत्ती देईल, आणि ती आवृत्ती धड आहे का? ती धड असेल तर सपोर्ट काढून आपण कोणाचं चालू काम बंद पाडत नाही. तसं असेल तर तो बदल मेजर आवृत्तीतच (२ वरून ३ अशा पहिल्या आकड्याच्या बदलातच) करायला हवा असंही मला वाटत नाही. आकडेमोडीची नमपाय ही मोठी लायब्ररी स्वतः मायनर आवृत्तीत (दुसऱ्या आकड्याच्या बदलात) जुने पायथन सोडते.

काढायचं कशाला, ठेवावं की सगळं, असंही विचारतात. मी बराच काळ ठेवलं आहे. नमपाय १.२५ ने २०२३ मध्येच ३.८ सोडलं, म्हणजे मला १.२४ ही चालवायची आणि २.० ही. दिवसभराच्या सूर्यप्रकाशाची बेरीज मी 'ट्रॅप्झ' वापरून करायचे. २.० मध्ये ते डेप्रिकेट झालं (पुढे काढलं जाईल, वापरू नका असं जाहीर झालं), आणि त्याच्या जागी आलेलं 'ट्रॅपेझॉइड' १.२४ मध्ये नाहीच. टाइमझोनसाठी 'झोनइन्फो' ३.९ मध्ये आलं, त्यामुळे ३.८ साठी वेगळं बॅकपोर्ट पॅकेज, म्हणजे तीच सोय जुन्या पायथनला देणारं. अशी प्रत्येक 'इफ' ही एक वाट, आणि प्रत्येक वाटेची टेस्ट हवी.

टेस्ट नसेल तर काय होतं तेही मी पाहिलं आहे. माझी लायब्ररी 'नमपाय १.१७ पासून पुढे चालते' असं सांगत होती. सरकती सरासरी काढायला मी 'स्लायडिंग विंडो व्ह्यू' वापरते, आणि ते १.२० मध्ये आलं. म्हणजे दोन वर्षं मी लोकांना खोटं सांगत होते. सीआय कायम सर्वांत नवी आवृत्ती बसवायची, म्हणून कळलंच नाही. आता यूव्ही या पॅकेज बसवणाऱ्या साधनाच्या 'लोएस्ट-डायरेक्ट' पर्यायाने एक टेस्ट मुद्दाम सर्वांत जुन्या मान्य आवृत्त्यांवर चालते. ज्या आवृत्तीवर टेस्ट चालत नाही, तिला सपोर्ट आहे असं मी आता लिहीत नाही.

वैज्ञानिक पायथनमधल्या मोठ्या प्रकल्पांचा 'स्पेक ०' हा ठराव पायथनची आवृत्ती आल्यापासून तीन वर्षांनी आणि मुख्य डिपेंडन्सीची (ज्यांवर आपला कोड अवलंबून असतो त्या लायब्रऱ्यांची) आवृत्ती दोन वर्षांनी सोडायला सांगतो. त्यांच्यावरचं ओझं बघता मला ते पटतं. माझी लायब्ररी मात्र न हलवता येणाऱ्या यंत्रांवर चालते, म्हणून मी पायथनची पूर्ण पाच वर्षं थांबते.

३.९ ची मुदत ऑक्टोबर २०२५ मध्ये संपली. या वेळी आधी उघडे इश्यू (लोकांनी नोंदवलेल्या, न सुटलेल्या तक्रारी) चाळले, ३.९ वाल्यांना लागतील त्या सगळ्या दुरुस्त्या २.७.४ मध्ये घातल्या आणि ती महिनाभर वापरात राहू दिली. त्यानंतर २.८.० साठी सर्वांत पहिला कमिट (नोंदवलेला बदल) 'रिक्वायर्स-पायथन' बदलण्याचा केला, कोडला हात नंतर लावला. रिलीज करण्याआधी ३.९ च्या रिकाम्या एन्व्हायर्नमेंटमध्ये पिप चालवून २.७.४ च येते ना, हे दोनदा बघितलं.

आता जुन्या पायथनसाठीचं एकच उरलं आहे: 'झेड' अक्षराने संपणारी वेळ वाचणारं माझं अकरा ओळींचं एक फंक्शन. पायथनच्या स्वतःच्या 'फ्रॉमआयएसओफॉरमॅट' ला तो झेड ३.११ पासून कळतो, म्हणून ३.१० आहे तोवर हे फंक्शन लागतं. ३.१० ची मुदत ऑक्टोबर २०२६ मध्ये संपेल. फंक्शनच्या वर कॉमेंटमध्ये तो महिना लिहून ठेवला आहे.