व्हॅली ऑफ फ्लॉवर्स: सातला उघडणारं फाटक आणि हातात उरलेले चार तास

उत्तराखंडातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्समध्ये सूर्योदयाचा फोटो काढता येत नाही. सूर्यास्ताचाही नाही. हे एवढंच मला निघायच्या आधी कुणी सांगितलं असतं, तर माझी निम्मी तयारी वेगळी झाली असती आणि पाठीवरचं तीन किलो ओझं कमी झालं असतं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघं मित्र गेलो होतो. ज्या टूरवाल्याकडे हरिद्वार ते हरिद्वार बुकिंग केलं, त्याच्या माहितीपत्रकात 'दरीत सूर्योदयाचं छायाचित्रण' असं स्वच्छ छापलेलं होतं. सामानाचं विचारलं तर फोनवर म्हणाला, "काळजी करू नका साहेब, खेचर थेट फुलांपर्यंत जातं." दोन्ही गोष्टी खोट्या निघाल्या. तो कधीच वर गेलेला नसणार, अशी माझी खात्री आहे. जाऊन आलेला माणूस असं छापणार नाही.

राष्ट्रीय उद्यानाचं फाटक सकाळी सातला उघडतं आणि संध्याकाळी पाचच्या आत तुम्हाला बाहेर यावं लागतं. दुपारनंतर आत सोडत नाहीत. आत तंबू नाही, मुक्काम नाही, चहाची टपरीसुद्धा नाही. राहायचं ते खाली घांघरियात, साधारण ३,०५० मीटरवर. कामेट शिखरावरून उतरताना १९३१ मध्ये ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइथ या दरीत आला आणि १९३७ मध्ये पुन्हा येऊन तंबू ठोकून राहिला. त्याला पहाट मिळाली, आपल्याला मिळत नाही. १९८२ मध्ये हे राष्ट्रीय उद्यान झालं आणि दरीत गुरं चरायला नेणंही बंद झालं. नियमाविरुद्ध माझी काहीच तक्रार नाही. रोज शेकडो माणसं चढतात, त्यांनी आत चुली मांडल्या असत्या तर दरी उरली नसती. तक्रार आहे ती नियम लपवून पैसे घेणाऱ्याबद्दल.

आता वेळेचा हिशेब मांडा. ऑगस्टमध्ये तिथे साडेपाचच्या सुमारास उजाडतं. फाटक सातला. रांग, नोंद, तिकीट यात वीस मिनिटं गेली. तिथून दरी उघडी होईपर्यंत तीनेक किलोमीटर चढ आहे. कॅमेरा, दोन लेन्स, ट्रायपॉड, पाणी आणि पावसाचं सामान घेऊन आम्हाला दोन तास लागले, आणि आम्ही दर महिन्याला सह्याद्रीत एखादा गड करणारे. म्हणजे पहिला फोटो साडेनऊला. आत नदीच्या पात्रापर्यंत गेलात तर परतीला तीन तास धरा, म्हणजे दीडच्या सुमारास पाठ फिरवायलाच हवी. मध्ये उरतात चार तास, तेही डोक्यावरच्या उजेडाचे. ते सोडून जास्तीचं काही मिळणार नाही हे मान्य करूनच निघा.

त्यात दिशेचीही अडचण आहे. आपण दरीत पश्चिमेकडून शिरतो. टिपरा हिमनदी आणि रताबनचं शिखर समोर, पूर्वेच्या टोकाला. म्हणजे सकाळी आकाश मोकळं असलं तरी सूर्य नेमका तुमच्या लेन्समध्ये. दुपारी उजेड पाठीमागून येणार, तोपर्यंत खालून ढग भरलेले आणि परतीची वेळ झालेली. पहिल्या दिवशी समोरच्या डोंगराचे साठ-सत्तर फोटो काढले. सगळ्यांत आकाश पांढरं आणि डोंगर काळा. खोलीवर येऊन सगळे पुसून टाकले.

आता त्या चढाबद्दल, कारण याविषयी मी वाचलेल्या सगळ्या लेखांत 'मध्यम स्वरूपाची चढण' एवढंच होतं. फाटकातून पुढे गेलं की वाट पुष्पावती नदीकडे उतरते, पूल लागतो आणि पलीकडे वाट वळणं घेत थेट वर जाते. वाटेवर दगड बसवलेले आहेत, पण सपाट नाहीत, उभे-आडवे कसेही. हजारो बुटांनी त्यांचे माथे गुळगुळीत झालेत, वरून चिखलाचा पातळ थर आणि त्यावर भूर्जाची गळलेली पानं. दगड कोणता आणि चिखल कोणता हे पाऊल टाकल्यावरच कळतं. दम लागेल, त्याचं फार काही नाही, राजगडाला चोरदरवाजानं चढलेल्या माणसाचा दम पुरतो. प्रश्न उतरतानाचा आहे. दुपारी तीनला पाय थकलेले, दगड भिजलेले, मागून घाईनं उतरणारी माणसं आणि पाठीवरच्या टोपलीत माणसं वाहणारे कंडीवाले, डावीकडे खाली नदीचा आवाज. माझा मित्र ट्रायपॉडचा काठी म्हणून आधार घेत उतरत होता. पुलाच्या वरच्या तिसऱ्या वळणावर ट्रायपॉडचा पाय दोन दगडांच्या फटीत गेला, तो पुढे गेला आणि ट्रायपॉड मागे राहिला. कोपर फुटलं, ट्रायपॉडचा पाय सांध्यात वाकला, पुढचे दोन दिवस तो उघडलाच नाही. आणखी दीड फूट डावीकडे पडला असता तर हा वृत्तांत मी लिहीत बसलो नसतो.

म्हणून सांगतो, ट्रायपॉड पाठीवर बांधा आणि हातात वेगळी काठी घ्या. घांघरियात आणि खाली पायवाट सुरू होते त्या पुलन्यात टोकदार लोखंडी टोकाच्या काठ्या मिळतात, त्या चांगल्या. बुटाचा तळ झिजलेला असेल तर निघूच नका. उतरताना कॅमेरा गळ्यात नको, बॅगेत.

त्या चढाच्या कडेला मात्र एक सुंदर गोष्ट आहे, तिच्याकडे सगळे पाठ करून निघून जातात. भूर्जाची झाडं. सालीचे पापुद्रे सुटून लोंबत असतात, आतला थर गुलाबीसर, ओला झाला की तांब्यासारखा दिसतो. धुक्यात एका वाकड्या खोडाचा फोटो घेतला, तो या प्रवासातला माझा दुसरा चांगला फोटो.

पैशांचं. गोविंदघाटहून पुलन्यापर्यंत जीप जाते, चारेक किलोमीटर. पुढे घांघरियापर्यंत नऊ-दहा किलोमीटर चालणं, त्या वाटेवर खेचर मिळतं. पुलन्यात दराची पाटी लावलेली आहे. आम्ही ती पाहिली नाही, कारण टूरवाल्याचा माणूस आम्हाला तिच्या पुढून घाईघाईनं घेऊन गेला आणि दोन खेचरांचे 'दरीपर्यंतचे' पैसे घेतले. घांघरियात पोचल्यावर कळलं की राष्ट्रीय उद्यानात खेचराला बंदी आहे, आत सामान न्यायचं तर माणूसच करावा लागतो. परतताना पाटी वाचली, तर आमच्याकडून दुपटीहून जास्त घेतले होते. खेचर हाकणाऱ्या पोराला त्यातले किती मिळाले हेही मी विचारलं. त्यानं सांगितलेला आकडा ऐकून फार वाईट वाटलं. तुम्ही पाटीसमोर उभे राहून तिचा मोबाइलवर फोटो काढा, पैसे खिडकीवर भरा, पावती घ्या. टूरवाल्याला फक्त गाडी आणि खोली सांगा. आतलं काहीही त्याच्यावर सोपवू नका.

फुलांचं. आपल्या डोळ्यांसमोर कास असतं, आणि घोळ इथेच होतो. कासला जांभ्याच्या सपाट सड्यावर घोट्याएवढा तेरडा असतो, जमिनीलगत कॅमेरा ठेवला की क्षितिजापर्यंत गुलाबी गालिचा. इथला गुलाबी तेरडाही त्याच कुळातला, पण छातीपर्यंत वाढतो, काही ठिकाणी डोक्याच्या वर. वाटेवर उभं राहिलं की समोर पानांची भिंत दिसते, मधूनमधून गुलाबी. गालिचा दिसत नाही. शिवाय ऑगस्टमध्ये पांढऱ्या तुऱ्यांचं पॉलिगोनम नावाचं तण मोठमोठे पट्टे व्यापून बसलेलं असतं. वनखातं ते दरवर्षी उपटतं, तरी पुरून उरतं. गालिच्याचे जे फोटो तुम्ही पाहिलेत ते लांब लेन्सनं समोरचा उतार दाबून काढलेले आहेत. म्हणून वाइड लेन्स एकच आणा, हलकी. ७०-२०० मिमीची लांब लेन्स मात्र विसरू नका. २०० वर समोरच्या उताराचा तुकडा कापला की रंग एकमेकांवर चढतात आणि मागून धुकं सरकत असेल तर चित्र आपोआप जमतं. पोलरायझर लावूनच ठेवा. ओल्या पानांवरची पांढरी चकाकी गेली की हिरवा रंग खरा दिसतो. वाट सोडून उतारावर शिरू नका, एका चांगल्या कोनासाठीसुद्धा नाही. फुलं तर तुडवली जातातच, शिवाय आत जिची कबर आहे ती जोन मार्गारेट लेग १९३९ मध्ये फुलं गोळा करताना अशाच उतारावरून घसरून गेली. ती वनस्पतींची जाणकार होती.

छत्री न्या. पोंचो घालून कॅमेरा चालवता येत नाही आणि आत घामानं लेन्सवर वाफ धरते. बाहेरून आल्यावर गार कॅमेरा लगेच खोलीच्या उबेत काढू नका, बॅगेतच राहू द्या, नाहीतर काचेवर वाफ धरते आणि वेळ ती पुसण्यात जातो. घांघरियात वीज जाते-येते, म्हणून बॅटऱ्या दिवसा हॉटेलवाल्याकडे चार्जिंगला देऊन जा. ड्रोन घरी ठेवा, परवानगीशिवाय चालत नाही.

दुसऱ्या दिवशी हेमकुंड केलं, म्हणजे वरच्या तळ्याकाठचा गुरुद्वारा. सहा किलोमीटरमध्ये हजार मीटरहून जास्त चढ, पायाखाली फरसबंदी, दुपारी दोनच्या सुमारास खाली पाठवतात. ब्रह्मकमळ आणि निळी पॉपी बघायची तर इथेच, शेवटच्या चढावर. पॉपीची पाकळी भिजल्यावर पारदर्शक होते, आतली शीर न् शीर दिसते, आणि देठावरची काटेरी लव पाण्याचा एकेक थेंब धरून बसते. गुडघे टेकून तिचे चाळीसेक फोटो काढले. तळ्याचा एकही आला नाही, धुकंच होतं.

दिवसांचा क्रम महत्त्वाचा आहे. दरी, मग हेमकुंड, मग पुन्हा दरी असा ठेवा. टूरवाले दरीला एकच दिवस देतात. आम्ही भांडून तिसरा मागून घेतला. तिकीट किती दिवस चालतं ते खिडकीवर पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

तिसऱ्या दिवशी मित्र कोपर बांधून खोलीवर राहिला, मी एकटा गेलो. पावसात चढलो. साडेदहाला कबरीपाशी होतो, तिथे न थांबता थेट नदीचं पात्र गाठलं. तासभराहून जास्त वेळ छत्रीखाली बसलो. समोर दहा पावलांपलीकडे काही नव्हतं. बाराच्या पुढे पाऊस थांबला आणि बारा चाळीसला ढग मधोमध फाटला. आधी टिपरा हिमनदीचं तोंड दिसलं, राखाडी, मग वरचं बर्फ, आणि खाली पात्रातल्या गोट्यांत एपिलोबियमच्या फुलांची गुलाबी रांग, एकदम उजळलेली. पूर्वेला तोंड होतं, डोक्यावर सूर्य होता, हातात चुकीची वेळ होती, आणि ढगानं उजेड इतका मऊ करून दिला होता की काहीच चुकलं नाही. अकरा मिनिटं. सत्तावीस फोटो घेतले, हात थरथरत होते म्हणून माझ्या ट्रायपॉडवरच. मग पुन्हा पांढरं झालं. माझ्याखेरीज पात्रात कुणीही नव्हतं. मी मोठ्यानं ओरडलो.

सव्वाला निघालो. तो चढ उतरताना प्रत्येक दगडावर काठी आधी, पाऊल नंतर. पुलाच्या वरच्या तिसऱ्या वळणावर बसूनच उतरलो. फाटकाशी नोंदवहीत वेळ लिहिली: चार पन्नास.