‘एक स्टॉप वाढव’

गेल्या महिन्यात मी काढलेला एक फोटो पडद्यावर लागला आणि खोलीतली बारा-तेरा माणसं त्याकडे बघत गप्प बसली. इथला आमचा फोटोग्राफीचा गट दर पंधरा दिवसांनी जमतो. त्याचा एक नियम फार कडक आहे: ज्याचा फोटो लागलाय त्याने पहिली पाच मिनिटं तोंड उघडायचं नाही. घरच्यांना फोटो दाखवला की ‘मस्त!’, ‘छान आलाय गं’ हे लगेच ऐकायची मला सवय. ती पाच मिनिटं संपता संपेनात.

फोटो माझ्या मैत्रिणीचा होता. ती माझ्यासारखीच शिकायला इथे आली आणि राहिली. घरातले सगळे दिवे बंद करून मी तिला खिडकीशी बसवलं होतं. चेहऱ्याची एक बाजू उजेडात, दुसरी सावलीत, आणि सावलीतल्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा एक लहानसा त्रिकोण, असा माझा प्रयोग. 17व्या शतकातल्या रेम्ब्राँ या डच चित्रकाराच्या नावाने ही प्रकाशयोजना ओळखली जाते. त्या त्रिकोणासाठी मी तिला तासभर बसवून ठेवलं होतं.

गटातले एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, “चेहरा काळोखात बुडालाय. एक स्टॉप वाढव.” म्हणजे फोटोत उजेड दुप्पट कर. आणखी तिघांनी माना डोलावल्या.

मला खरंच लागलं ते. तिचा रंग सावळा आहे, आणि तो तसाच दिसावा म्हणून मी मुद्दाम एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतलेला उजेड, कमी ठेवलं होतं. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरच्या प्रत्येक गोष्टीला मध्यम करडी समजतो. फ्रेममध्ये सावळा चेहरा, काळे केस आणि गडद भिंत असली की तो सगळंच उजळवू बघतो. रंगीत फिल्मच्या काळात तर प्रिंटचे रंग जुळवायला लॅबमध्ये गोऱ्या बाईचा फोटो असलेलं ‘शर्ली कार्ड’ वापरत, आणि कितीतरी वर्षं तोच मापदंड होता. हे सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. नियमामुळे बोलता आलं नाही, आणि आज वाटतं, तेच बरं झालं.

घरी येऊन रागारागात मी एक स्टॉप वाढवून बघितला. कपाळावरची चमक पांढरीफटक झाली, गालाचा तांबूसपणा जाऊन त्वचा राखाडी दिसायला लागली, मागच्या भिंतीवरची खिळ्याची भोकंसुद्धा दिसू लागली. म्हणजे उपाय चुकीचा होता. पण चार माणसांना एकाच ठिकाणी काहीतरी खटकलं होतं, त्याचं काय? मूळ फोटो उघडून पुन्हा बघत बसले तेव्हा ध्यानात आलं. तिच्या डोळ्यांत चमकच नव्हती. हनुवटी जराशी खाली, भुवयांची सावली डोळ्यांवर, त्यामुळे दोन्ही बुबुळं नुसती काळी. बघणाऱ्याची नजर आधी डोळ्यांकडे जाते आणि तिथे तिला काहीच सापडत नव्हतं. त्यांनी त्याला काळोख म्हटलं, इतकंच.

पुढच्या रविवारी मैत्रिणीला पुन्हा बसवलं. मांडीवर थर्मोकोलची पांढरी शीट दिली, हनुवटी दोन बोटं वर आणि किंचित खिडकीकडे घ्यायला सांगितली. एक्स्पोजर होतं तेच ठेवलं. दोन्ही डोळ्यांत खिडकीचा एकेक चौकोनी ठिपका आला आणि चेहरा जागा झाला.

तेव्हापासून अभिप्राय ऐकताना मी त्याचे दोन भाग करते: कुठे अडलं, आणि काय कर म्हणतायत. पहिला भाग जवळजवळ नेहमी जसाच्या तसा घेते. दुसऱ्यावर विचार करते. फोटो काढताना खोलीत मी होते, ते नव्हते.

अर्थात खटकलेली प्रत्येक गोष्ट बदलायलाच हवी असं नाही. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन ही ब्रिटिश फोटोग्राफर 1815 मध्ये कोलकात्यात जन्मली आणि 1863 मध्ये, वयाच्या 48व्या वर्षी तिच्या हातात पहिला कॅमेरा आला. तिच्या पोर्ट्रेटचा फोकस मऊ असतो यावर तेव्हाच्या जाणकारांनी सडकून टीका केली. तिने तो मऊपणा सोडला नाही, कारण तिला तोच हवा होता. माझ्या मैत्रिणीचे काळे डोळे मला हवे होते का? नाही. ते माझ्याकडून राहून गेले होते.

अभिप्राय देताना माझीही एकदा मोठी चूक झाली. एकाने आपल्या भावाचं पोर्ट्रेट आणलं होतं. मी पटकन म्हणाले, “नाक जरा मोठं दिसतंय.” भाऊ शेवटच्या खुर्चीत बसलेला. त्याचा हात आपोआप नाकाकडे गेला आणि तसाच खाली आला. तो हात मी विसरू शकत नाही. मला म्हणायचं होतं की कॅमेरा फार जवळ होता. फोटो जेमतेम फुटावरून काढलेला. नाकाचं टोक 12 इंचांवर असेल तर कान साधारण 17 इंचांवर पडतात, म्हणून नाक पुढे येतं आणि कान मागे सरकून बारीक होतात. तेच सहा फुटांवर गेलं की हिशोब 72 आणि 77 चा होतो, आणि चेहरा आपल्याला ओळखीचा वाटतो. खापर लेन्सवर फुटतं, पण हा सगळा खेळ अंतराचा असतो. उजेड, अंतर, कोन, क्षण, क्रॉप हे फोटो काढणाऱ्याच्या हातात असतं, त्यावर मी हवं तेवढं बोलते. चेहरा ज्याचा त्याचा. त्या भावाची मी त्याच संध्याकाळी माफी मागितली.

आणि मी स्वतः फोटो दाखवते तेव्हा “कसा आलाय?” विचारणं सोडलंय. त्यावर छान म्हणण्यापलीकडे समोरचा काय बोलणार? “नजर आधी कुठे गेली?” विचारलं की लोक खरं सांगतात.

सर्वांत अवघड अभिप्राय मैत्रिणीचाच होता. नवा फोटो बघून ती हळूच म्हणाली, “चांगलाय, पण ही मी वाटत नाही. गाल थोडा एडिट करशील का?” गालाला काहीच झालेलं नव्हतं. आपण स्वतःला रोज आरशात बघतो, म्हणजे उलटं. 1977 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेच आढळलं होतं: लोकांना स्वतःचा आरशातल्यासारखा फोटो जास्त आवडला, आणि त्यांच्या जवळच्यांना सुलटा. मी गालाला हात न लावता फोटो आडवा फ्लिप केला. भांग डावीकडून उजवीकडे गेला, आणि ती म्हणाली, “हां, ही मी!”

तिच्या टेबलावर तो उलटा फोटो आहे. माझ्या भिंतीवर सुलटा.