मोजपट्टी, केबल टाय आणि सेकंडहँड हिमालयन

सेकंडहँड घेतलेली रॉयल एनफिल्डची हिमालयन 411 पहिल्या आठवड्यातच मागून लाथा मारायला लागली. स्पीडब्रेकरवरून पुढचं चाक मजेत जायचं, मागचं गेलं की मणक्यात सणक. ब्रेक दाबला की पुढचं तोंड मात्र खाली बुडायचं. रीडिंग चाळीस हजारांच्या पुढचं. आधीचे मालक कायम बायकोला घेऊन, दोन्ही बाजूंना पेट्या लावून लांबचे दौरे करणारे, हे गाडी घेतानाच कळलं होतं. त्याचा या लाथांशी काय संबंध, ते नंतर कळलं.

एका गॅरेजमध्ये दाखवली. तिथल्या माणसाने सीटवर दोनदा जोर देऊन पाहिला आणि निकाल दिला, "मागचा शॉकअप गेलाय साहेब, नवीन टाका. पुढचं पण उघडायला लागेल." खर्चाचा आकडा ऐकून मी चावी परत घेतली. आमच्या सोसायटीत एक काका आहेत, भोसरी एमआयडीसीत टूलरूममध्ये आयुष्य घालवलेले. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "अरे, त्याने काही मोजलं का? नाही ना? मग त्याला काय माहीत, गेलाय का आहे ते!"

मोजायच्या आधी फुकटातल्या गोष्टी तपासून घेतल्या. पहिली हवा. मॅन्युअलमध्ये एकट्यासाठी पुढे 25 आणि मागे 32 पीएसआय दिलंय, माझ्या मागच्या चाकात चाळीस होती. पंक्चरवाल्यांना सगळ्याच गाड्यांत टम्म हवा भरायची हौस असते, त्यामुळे बाराशे-पंधराशेंचा स्वतःचा गेज घ्या असं नाही, पण दोन-तीनशेचा तरी घ्या. दुसरं म्हणजे कोनसेट, हँडल ज्यावर वळतं ती बेअरिंग. गाडी मेन स्टँडवर, मागचा कॅरिअर एकाने दाबून धरायचा म्हणजे पुढचं चाक उचललं जातं. मग फोर्कचे, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या शॉकअपच्या जोडीचे, खालचे पाय धरून पुढे-मागे हलवायचे. टकटक जाणवली तर कोनसेट ढिला. हँडल हळूच वळवताना मधोमध अडकल्यासारखं झालं तर बेअरिंगला खड्डे पडलेत. माझा ठीक निघाला. तिसरा चिमटा (मागचं चाक धरणारा स्विंगआर्म), मागचं चाक धरून डावी-उजवीकडे. तोही ठीक.

मग सॅग. गाडी स्वतःच्या वजनाने किती बसते आणि आपण बसल्यावर किती बसते, एवढंच मोजायचं असतं. मागच्या अ‍ॅक्सलच्या बरोब्बर वर बॉडीवर चिकटपट्टीचा तुकडा लावून पेनाने रेघ मारली. पहिलं माप चाक हवेत लटकलेलं असताना, अ‍ॅक्सलपासून रेघेपर्यंत. दुसरं गाडी नुसती उभी असताना. तिसरं मी हेल्मेट, जॅकेट, बूट सगळं घालून, दोन्ही पाय फूटरेस्टवर ठेवून बसलेला असताना. त्यासाठी एक माणूस हँडल धरायला आणि एक माप घ्यायला लागतो. एकट्याने आरशात बघत मोजायचा उद्योग करू नये, आकडे खोटे येतात.

यातली मेख अशी की सीलचं (तेल अडवणारी रबरी कडी) आणि बुशचं (सरकत्या भागांमधली बाही) घर्षण गाडीला मापाच्या जागी नीट बसू देत नाही. वरून दाबून हळू सोडली तर एक आकडा येतो, उचलून हळू सोडली तर दुसरा. दोन्ही घ्यायचे आणि मधला धरायचा. त्या दोन आकड्यांत जितकं जास्त अंतर, तितकं आत घर्षण जास्त. हे काकांनीच दाखवलं. माझ्या मागच्या बाजूला हे अंतर चांगलंच मोठं होतं. तेव्हाच लिंकेज, म्हणजे चिमटा आणि शॉकअप यांना जोडणारे सांधे, कोरडं असणार असा संशय आला.

मागच्या चाकाची एकूण हालचाल 180 मिलिमीटर. मी बसल्यावर गाडी बसत होती फक्त 34, म्हणजे 19 टक्के. साधारण 30 टक्क्यांच्या आसपास बसायला हवी. नुसती उभी असताना तर जेमतेम 8. जोडी आणि पेट्यांसाठी प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, घट्ट पिळलेला होता आणि त्यावर मी, पासष्ट किलोचा एकटा. चाक खड्ड्यात उतरायला खाली वावच उरला नव्हता. शॉकअप 'गेलेला' नव्हता, दुसऱ्याच कुणासाठी लावलेला होता.

प्रीलोड वाढवला की स्प्रिंग कडक होते, असं बहुतेकांना वाटतं. अनेक मेकॅनिकही तसंच सांगतात. स्प्रिंग तीच राहते. एक मिलिमीटर दाबायला जितका जोर आधी लागत होता, तितकाच नंतरही लागतो. बदलतं ते एवढंच की गाडी कुठल्या उंचीवर उभी राहते आणि दबायला सुरुवात व्हायला किती भार लागतो. उंचीवर उभी राहिली की वरच्या बाजूची हालचाल संपते, उसळीच्या टोकाला धक्का बसतो आणि आपल्याला ती 'कडक' वाटते.

प्रीलोड बदलणाऱ्या शॉकअपच्या रिंगेपर्यंत पोचायला जागा तोकडी आहे. सी-पाना सटकला की बोटांची सालपटं निघतात, हातमोजे घाला. आधी ब्रशने आणि पाण्याने तिथली माती काढा, मग रिंगेवर डिझेल-तेल जे असेल ते सोडून थोडा वेळ थांबा. माती असतानाच फिरवली तर आटे जातात. थोडं फिरवायचं, परत मोजायचं, असं करत मी बसल्यावरचं माप 51 वर आणलं, 28 टक्के. तिथेच थांबलो.

आता नुसत्या गाडीचा सॅग 25 झाला होता. हा आकडा बोलका असतो. बसल्यावरचं माप बरोबर आणि नुसती उभी असताना गाडी अजिबात बसत नसेल, तर स्प्रिंग तुमच्यासाठी मऊ आहे, कारण ते माप मिळवायला तुम्हाला प्रीलोड फार पिळावा लागलाय. उलट नुसती असतानाच जास्त बसत असेल तर स्प्रिंग तुमच्या वजनाला कडक. ऐकताना उलटं वाटतं, कागदावर मांडलं की पटतं. माझ्या आकड्यावरून स्प्रिंग किंचित कडक निघाली. वर्षातून काही वेळा जोडीने जायचंच असतं, म्हणून बदलायच्या भानगडीत पडलो नाही.

पुढच्या फोर्कला या गाडीत बाहेरून काहीच फिरवता येत नाही. 41 मिलिमीटरचे पाईप, 200 ची हालचाल आणि वर रबरी बूट. बूट वर सरकवला तर आत तेल आणि लाल माती यांचा लगदा. कोकणातून आलेली गाडी ओळखू येते ती अशी. तेल सीलमधून झिरपून खाली ब्रेकच्या कॅलिपरच्या दिशेला निघालं होतं, ब्रेक पॅडपर्यंत पोचलं नव्हतं हे नशीब. पॅडला तेल लागलं तर धुवत बसू नका, नवीन टाका. पाईपला केबल टाय बांधून पुढचा सॅगही मोजून ठेवला: 72, म्हणजे 36 टक्के.

सील झिरपायला लागलं म्हणजे फाटलंच असं नाही. डस्ट सील (धूळ अडवणारं बाहेरचं सील) खाली सरकवून जुन्या एक्सरे फिल्मची गुळगुळीत कडेची पट्टी सीलच्या ओठाखाली घालून गोल फिरवली की अडकलेला कण कधी कधी बाहेर येतो आणि गळती थांबते. माझी थांबली नाही. मग नाना पेठेतून ऑईल सील, डस्ट सील, तळाच्या बोल्टची तांब्याची वॉशर आणि फोर्क ऑईल आणलं. तेल घेताना बाटलीवरच्या 10 डब्ल्यू या जाडीच्या आकड्यावर जाऊ नका. दोन कंपन्यांची '10 डब्ल्यू' एकसारखी पातळ असतील याची खात्री नसते. डेटाशीटमध्ये 40 अंशांना किती सेंटीस्टोक (जाडीचं खरं माप) लिहिलंय ते बघा. या फोर्कमध्ये डॅम्पिंगला, म्हणजे डुलणं आवरायला, दुसरा कुठलाच स्क्रू नाही, जे काय ते तेलाच्या जाडीवर.

फोर्क काढताना क्रमाला महत्त्व आहे. वरच्या क्लॅम्पचा बोल्ट ढिला करून, फोर्क अजून खालच्या टीमध्ये (खालच्या क्लॅम्पमध्ये) घट्ट असतानाच वरचं बूच थोडं सैल करून घ्यायचं. फोर्क बाहेर आल्यावर ते एकट्याला सुटत नाही. पूर्ण उघडताना तळहाताने दाबून धरायचं, खाली स्प्रिंग असते, तोंड त्या रेषेत नको. कॅलिपर तारेने टांगून ठेवायचा, होजवर लोंबकळू द्यायचा नाही. चाक बाहेर असताना कुणी हौसेने ब्रेक दाबू नये म्हणून लिव्हरला कागद गुंडाळला, घरात लहान मुलं आहेत.

तळाचा अ‍ॅलन बोल्ट सोडवताना आतला रॉडच फिरायला लागतो. स्प्रिंग आणि बूच जागेवर ठेवून फोर्क दाबून धरला की बहुतेक वेळा सुटतो, नाहीतर कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये इम्पॅक्ट गन दोन सेकंद लावून घ्यावी. त्यात कमीपणा नाही. आतून निघालेलं तेल राखाडी आणि पातळ, वास असा की काका दोन पावलं मागे सरकले. दोन्ही पायांतल्या तेलातही फरक होता, गळणाऱ्या बाजूला अर्थातच कमी. ते तेल कॅनमध्ये भरून गॅरेजच्या जळक्या तेलाच्या पिंपात दिलं. गटारात ओतणाऱ्यांविषयी इथे लिहीत नाही.

स्प्रिंगची मोकळी लांबी मोजली तर मॅन्युअलमधल्या मर्यादेच्या जवळ आलेली. काकांनी ओळखीच्या लेथवाल्याकडून अ‍ॅल्युमिनियमच्या 10 मिलिमीटर जाडीच्या दोन रिंगा करून आणल्या, बुचाखाली बसतील अशा. वेटोळी पूर्ण दाबल्यावर एकमेकांना टेकत नाहीत ना, हे हिशेब करून पाहिलं. तो हिशेब जमत नसेल तर रिंग घालू नका, सरळ नवी स्प्रिंग घ्या.

नवीन सील पाईपवर चढवताना पाईपच्या टोकाला प्लॅस्टिकची पिशवी ओढून, वर ग्रीस लावून, मग सील. नाहीतर टोकाच्या धारेने ओठ पहिल्याच दिवशी कापला जातो. आत ठोकायला खास अवजार मिळतं, मी योग्य मापाचा पीव्हीसी पाईप वापरला. सील पूर्ण बसलं की ठोकण्याचा आवाज बदलतो आणि सर्क्लिपची खाच सगळीकडून दिसते.

तेल मिलिलिटरने मोजून ओतणं पुरेसं नाही, आत चिकटून राहिलेलं जुनं तेल हिशेबात येत नाही. स्प्रिंग बाहेर, फोर्क पूर्ण दाबलेला, पाईप सरळ उभा, हवा जाईपर्यंत हळूहळू पंप केलेला, अशा अवस्थेत वरच्या कडेपासून तेलाची पातळी मोजायची. मेडिकलमधून 50 मिलीची सिरिंज आणि सलाईनची नळी आणली. नळीवर मॅन्युअलमधल्या अंतरावर खूण केली, तेल थोडं जास्तच ओतलं आणि खुणेच्या वरचं ओढून घेतलं. दोन्ही पाय एका मापात येतात. तेलावरची हवा ही सुद्धा स्प्रिंगच असते: पातळी वर नेली की हवेची जागा कमी होते आणि शेवटच्या टप्प्यात फोर्क जास्त अडतो. मी पातळी कंपनीचीच ठेवली.

जोडताना अ‍ॅक्सलचा पिंच बोल्ट सर्वांत शेवटी. त्याआधी गाडी जमिनीवर घेऊन पुढचा ब्रेक धरून चार-पाच वेळा दाबली, म्हणजे दोन्ही पाय आपल्या रेषेत बसतात. हे टाळलं तर सील नवं असूनही फोर्क अडकत चालतो. मग टॉर्क पाना.

लिंकेजचा संशय खरा निघाला. एका नीडल बेअरिंगमध्ये ग्रीसऐवजी गंजाची पूड होती. ते बदललं, बाकीची रॉकेलने धुऊन पाण्यात न निघणारं ग्रीस भरलं. दाबून आणि उचलून घेतलेल्या मापांतला फरक त्यानंतर निम्म्याहून कमी झाला. मागचा मोनोशॉक मात्र घरी उघडू नका. गॅसवाल्या शॉकअपमध्ये नायट्रोजन मोठ्या दाबाखाली असतो.

पुढचा सॅग आता 62 आहे, 31 टक्के. ब्रेकला तोंड अजूनही थोडं बुडतं. एवढ्या लांब फोर्कचं तेवढं चालायचंच, पण आता ते एकदाच बुडून एकदाच वर येतं, डुलत नाही. परवा वरंध घाटातून आलो, भोरच्या बाजूच्या उखडलेल्या पट्ट्यात मागचं चाक जमिनीला धरून होतं. बायकोला बसवूनही सॅग मोजलाय. त्या मापाला मागच्या शॉकअपची रिंग कुठे आणायची आणि एकट्यासाठी कुठे, याच्या दोन खुणा ऑईल पेंटने करून ठेवल्यात, पांढरी माझी आणि पिवळी दोघांची. काका म्हणतात पेट्यांसह तिसरी खूण पण करून ठेव. पेट्या अजून घेतलेल्या नाहीत.