आमची वाटचाल : दोन वायरपासून चार वायरपर्यंत

भोसरी एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात दोन वाइंडिंग मशीन टाकून आम्ही ट्रान्सफॉर्मर आणि चोक (तारेच्या गुंडाळीचा इंडक्टर) बनवायला लागलो, बायको बॉबिनवर टेप मारायची, मी ऑर्डरी आणायचो आणि मोजायला एक सेकंडहँड हातातला एलसीआर मीटर (इंडक्टन्स, कपॅसिटन्स आणि रेझिस्टन्स मोजणारा). मिलीहेन्रीच्या, म्हणजे मोठ्या इंडक्टन्सच्या चोकला तो कधी चुकला नाही, त्यामुळे आमचा त्याच्यावर पूर्ण विश्वास.

मग २.२ मायक्रोहेन्रीच्या (मायक्रो म्हणजे मिलीचा हजारावा भाग) चोकची मोठी ऑर्डर मिळाली आणि अख्खा लॉट परत आला. आमच्या रिपोर्टवर माल ओके, ग्राहकाच्या क्वालिटी तपासणीत व्हॅल्यू कमी. दोन दिवस आम्ही वळणंच मोजत बसलो, वळणं बरोबर होती. घोळ मोजण्यात होता. मीटर १ किलोहर्ट्झवर, तिथे २.२ मायक्रोहेन्रीचा इंपीडन्स (एसी करंटला होणारा विरोध) जेमतेम १४ मिलिओहम, म्हणजे आमच्या लाल-काळ्या क्लिपांचा रेझिस्टन्सच त्याहून जास्त! वर दहा सेंटिमीटर वायरचा इंडक्टन्स ०.१ मायक्रोहेन्रीच्या आसपास असतो, तोही आम्ही चोकच्या नावावर लावत होतो. ५ टक्के टॉलरन्स (चालणारा फरक) तिथेच संपला.

लोन काढून बेंच मीटर घेतला, चार वायरचं फिक्स्चर घेतलं (दोन वायरमधून करंट, दोन वेगळ्या वायरवर व्होल्टेज, म्हणजे क्लिपांचा रेझिस्टन्स मोजण्यात येत नाही). १०० किलोहर्ट्झला तोच चोक १.४ ओहमच्या जवळ जातो आणि रीडिंग स्थिर बसतं. रोज सकाळी आणि फिक्स्चर बदललं की ओपन-शॉर्ट करेक्शन (टोकं एकदा उघडी, एकदा जोडून फिक्स्चरचा स्वतःचा परिणाम वजा करणं), यात कुणालाही सूट नाही. खरं शिकलो ते पुढे. ब्रोशरवरचं ०.०५ टक्के फक्त मधल्या इंपीडन्सला असतं, दोन्ही टोकांना एरर कित्येक पट वाढते, म्हणून आधी २πfL, म्हणजे त्या फ्रिक्वेन्सीला चोकचा इंपीडन्स काढायचा आणि मगच अ‍ॅक्युरसीचा चार्ट बघायचा. वरच्या टोकालाही तसंच, वाइंडिंगमधलं १० पिकोफॅरडचं कपॅसिटन्स १ किलोहर्ट्झला १६ मेगाओहम होतं, नुसता हात जवळ नेला तरी आकडा हलतो.

मीटरचं कॅलिब्रेशन एनएबीएल (लॅबना मान्यता देणारं मंडळ) मान्यताप्राप्त लॅबकडूनच करतो, पण आमच्या छोट्या व्हॅल्यूंचे पॉइंट सांगून मागतो, कारण सर्टिफिकेट तपासलेल्या पॉइंटपुरतंच बोलतं आणि हे मला फार उशिरा कळलं. रिपोर्टवर फ्रिक्वेन्सी, व्होल्टेज, तापमान तिन्ही लिहितो.

परवा १०० नॅनोहेन्रीची चौकशी आली. १०० किलोहर्ट्झला ते ६३ मिलिओहम, त्याला १ मेगाहर्ट्झ तरी हवा, आमचा मीटर २०० किलोहर्ट्झला संपतो. सध्या नाही म्हणून कळवलं, मीटरसाठी पैसे बाजूला टाकतोय.